अठरा चाकांचे बिऱ्हाड

अमेरिकेहून परतलेल्या माणसाने नायगाऱ्याचे वर्णन करावे आणि आपण ते चहाच्या कपाबरोबर ऐकून घ्यावे, हा आता घरोघरचा शिरस्ता झाला आहे. मी मात्र ज्या ठिकाणाबद्दल लिहिणार आहे तिथे डोंगर नाही, धबधबा नाही, राजवाडा तर नाहीच नाही. शिकागोहून पश्चिमेला निघावे, मिसिसिपी ओलांडावी, की आयोवा राज्यातली मक्याची शेते सुरू होतात. त्या मक्याच्या ऐन मध्यात, ८० क्रमांकाच्या हमरस्त्याला लागून, वॉल्कॉट नावाचे एक लहानसे गाव आहे आणि गावाशेजारी ट्रकवाल्यांची एक अख्खी पेठ वसलेली आहे. तिचे नाव 'आयोवा ८०'. जगातला सर्वांत मोठा ट्रकतळ म्हणून ती स्वतःला मिरवते.

१९६४ साली हा तळ सुरू झाला तेव्हा त्याचे रूप अगदी साधे होते. आज तिथे एका वेळी सुमारे नऊशे ट्रक उभे राहू शकतात. न्हावी आहे, दंतवैद्य आहे, कपडे धुण्याची सोय आहे, सिनेमा आहे, स्नानाच्या स्वतंत्र खोल्या आहेत आणि जुन्या ट्रकांचे एक संग्रहालयही आहे. वारीच्या वाटेवर पालखीचा तळ पडावा आणि एका संध्याकाळी गाव उभे राहावे, तसे इथे रोज होते. फरक इतकाच, की इथला वारकरी एकटा असतो आणि त्याचे बिऱ्हाड अठरा चाकांवर असते.

हे बिऱ्हाड दोन भागांचे. मागे ५३ फूट लांबीचा ट्रेलर आणि पुढे त्याला ओढणारा भाग, ज्याला आपल्याकडचे ट्रकवाले मोठ्या रसिकतेने 'घोडा' म्हणतात. ट्रेलर बहुधा कंपनीचा असतो. ड्रायव्हर निवडतो तो घोडा. आणि घोड्याची पारख हा तिथल्या गप्पांचा अखंड विषय. आपल्याकडे चार मंडळी जमली की स्थळांची चर्चा निघते, तितक्याच गांभीर्याने तिथे इंजिनांची चर्चा चालते.

आम्ही जेवायला थांबलो होतो, तिथे शेजारच्या टेबलावर एक सरदारजी भेटले. मूळचे जालंधरकडचे, आता कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनचे. त्या भागातून ट्रक चालवणारे पंजाबी पुष्कळ आहेत. आठ वर्षे कंपनीचा ट्रक चालवून आता ते स्वतःचा, पण जुना, घ्यायच्या विचारात होते. मी आपला मध्यमवर्गीय प्रश्न विचारला, "गॅलनला किती मैल देतो?"

सरदारजी हसले. "अंकलजी, ते नंतर. आधी विचारा, झोपू कसा देतो!"

मला ती थट्टा वाटली. पण त्यांनी हिशेब मांडला तेव्हा थट्टा कुठल्या कुठे गेली. तिथल्या कायद्याप्रमाणे मालट्रकच्या ड्रायव्हरला सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर पुढच्या चौदा तासांत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते. २०१७ च्या डिसेंबरपासून ही नोंद बहुतेक ट्रकांत यंत्रच ठेवते; वहीत खाडाखोड करण्याची सोय संपली. म्हणजे दिवसातले दहा तास, मग बाहेर बर्फ पडो की ऊन भाजो, माणूस बहुधा त्याच केबिनमध्ये काढणार. केबिनमागच्या बिछान्याची लांबी कमीत कमी ७५ इंच आणि रुंदी २४ इंच असावी, असा नियम आहे. दोन फूट रुंदीवर माणूस एक रात्र काढील. महिन्यातल्या पंचवीस रात्री कशा काढील? म्हणून जाणता ड्रायव्हर मोठी खोली शोधतो, उभे राहता येईल इतकी उंच.

पण इथेच पेच आहे. माल आणि गाडी मिळून वजन ८०,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३६ टनांच्या, वर जाता कामा नये. खोली मोठी घेतली, वर फ्रिज आणि जादा टाकी बसवली, की तेवढा माल कमी. पुढची आणि मागची चाके जितकी लांब, तितके धक्के कमी लागतात. पण शहरातल्या अरुंद गल्लीत तीच गाडी वळता वळत नाही. पोलादी पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेला सांगाडा आणि तसेच हवेवर डोलणारे आसन घेतले, तर पैसे जास्त पडतात. न घेतले तर ते पुढे कंबरेच्या डॉक्टरला द्यावे लागतात.

नाकाचीही एक गंमत आहे. पूर्वी अमेरिकेत चपट्या तोंडाचे, इंजिनावरच केबिन बसवलेले ट्रक खूप दिसत. कारण अनेक राज्यांत गाडीच्या एकूण लांबीवर मर्यादा होती. नाक कापले की माल भरायला जागा वाढे. १९८२ च्या कायद्याने मोठ्या हमरस्त्यांवर ती एकूण लांबीची अट गेली आणि ट्रकांना पुन्हा लांब नाके फुटली. ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावरून उतरून मागे बसला. उष्मा, आवाज आणि हादरे कमी झाले. सुखाची जागा शेवटी कायद्याने मोकळी केली!

आता कर्तबगारीकडे वळू. पंधरा लिटरचे, चारशे ते सहाशे अश्वशक्तीचे इंजिन ऐकायला भारदस्त वाटते. हाच रस्ता पुढे वायोमिंगमध्ये ८,६४० फुटांवर चढतो, तेव्हा ताकद लागतेच. पण सपाट आयोवात तीच जादा ताकद पायाला मोह घालते. भरलेला ट्रक गॅलनला साधारण सहा-सात मैल देतो, म्हणजे लिटरला तीन किलोमीटरसुद्धा नाही. वेग वाढला की हवा अडवते आणि डिझेल पिते. लांब चौकोनी बॉनेटचा जुन्या घाटाचा पीटरबिल्ट दिसतो राजबिंडा. पण त्याच्या रुबाबाचे बिल दर पंपावर भरावे लागते. रात्री गारव्यासाठी मोठे इंजिन चालू ठेवले तर तासाला तीनेक लिटर डिझेल उभ्याउभ्या जाते. दहा तासांचे तीस लिटर! वेगळे छोटे यंत्र बसवले की हा खर्च पुष्कळच वाचतो. म्हणजे आरामाची वस्तू स्वतःची किंमत स्वतःच फेडते.

सरदारजींना सर्वांत जास्त भीती मात्र डोंगराची नव्हती, हप्त्याची होती. बहुतेकांना तिथे मैलाप्रमाणे पैसे मिळतात. गाडी उभी की कमाई उभी. काही ठिकाणी मालवाहू कंपनीच ड्रायव्हरला ट्रक हप्त्याने देते, काम तीच देते आणि हप्ताही त्याच्या मजुरीतून तीच कापून घेते. आठवडाभर राबून हातात जेमतेम काही उरते आणि सोडून जावे तर भरलेले पैसे बुडतात. या पद्धतीवर बंदी घालावी, अशी शिफारस सरकारनेच नेमलेल्या अभ्यासगटाने २०२५ च्या जानेवारीत केली. "माझ्या साडूने रंग बघून गाडी घेतली," सरदारजी म्हणाले, "आता गाडी त्याला चालवते. मी आधी दुरुस्तीची जुनी बिले बघतो, मग बिछान्यावर पडून बघतो, आणि रंग शेवटी."

आपल्याकडे वर्षानुवर्षे कारखान्यातून नुसता सांगाडा आणि इंजिन बाहेर पडे. केबिन कुठल्या तरी गॅरेजात लाकूड-पत्रा ठोकून बांधली जाई. तिच्यावर मोर, कमळे आणि 'हॉर्न ओके प्लीज' रंगवायला कारागीर होते. ड्रायव्हरच्या पाठीचा विचार करायला कोणी नव्हते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, असा नियम आपल्या सरकारने केला, तेव्हा "आता ट्रकवाल्यांनाही एसी!" असे उद्गार मी आमच्याच इमारतीत ऐकले आहेत.

त्या उद्गारातल्या 'ही'ला माझा आक्षेप आहे. यंदाच्या फराळाचा रवा, बेसन आणि तेल आपल्या वाण्याकडे आले ते रात्री कसाऱ्याचा नाहीतर बोरघाट कोणीतरी जागेपणी उतरवला म्हणून. त्या माणसाची झोप नीट झाली होती की नाही, हा प्रश्न त्याच्यापुरता नाही. त्याच घाटात, त्याच वळणावर, सुटीला निघालेली आपली मोटारही असते आणि तिच्यात मागच्या सीटवर आपली मुले झोपलेली असतात.