गाडी आहे, माल आहे, ड्रायव्हर नाही

एम-१ आणि एम-६ हे महामार्ग रग्बीजवळ एकमेकांना मिळतात. त्याभोवतालच्या लेस्टर-डॅव्हेंट्री पट्ट्यात गोदामांशिवाय दुसरं काही दिसत नाही. कारण सरळ आहे. ट्रक ड्रायव्हरला कायद्याने सलग साडेचार तासच गाडी हाकता येते, मग पंचेचाळीस मिनिटं थांबावंच लागतं. आणि इथून निघालेली गाडी तेवढ्या वेळात ब्रिटनच्या बहुतेक वस्तीपर्यंत पोचते. इथल्याच एका वाहतूक कंपनीत मी ट्रान्सपोर्ट प्लॅनर आहे. कुठला माल, कुठली गाडी, कोण ड्रायव्हर आणि किती वाजता, हे जुळवायचं काम. २०२१ च्या उन्हाळ्यात यातली तिसरी गोष्ट मिळेनाशी झाली.

आधी वाटलं, नेहमीचीच ओढाताण. सुट्ट्यांचे दिवस, शिवाय जवळून गेलेल्या कोविड रुग्णामुळे 'घरी बसा' असा मोबाइलवर येणारा निरोप. मग एजन्सीवाल्यांनी फोन उचलणं बंद केलं. पूर्वी सकाळी फोन केला की दुपारी माणूस यायचा. आता एजन्सीची बाईच मला विचारायची, "तुमच्याकडचा कुणी सोडायच्या विचारात आहे का?" जूनमध्ये मालवाहतूकदारांच्या संघटनेने तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना पत्र लिहिलं, त्यात एक लाखाहून जास्त ड्रायव्हर कमी असल्याचा आकडा होता. आकड्यावर वाद झाले. मला वाद घालायचं कारण नव्हतं, यार्डात उभ्या गाड्या खिडकीतून दिसत होत्या.

जो तो एकच कारण सांगत होता. सरकार म्हणे कोविड, विरोधक म्हणत ब्रेक्झिट. खरं तर सगळंच एकदम अंगावर आलं होतं. टाळेबंदीत जड वाहनांच्या परवान्याच्या परीक्षा महिनोन्‌महिने बंद होत्या. नवे लोक येण्याची वाटच बुजली. जुने ड्रायव्हर पन्नाशीच्या पुढचे, त्यातले काही त्या निवांत महिन्यांत घरी बसले ते बसलेच. एप्रिल २०२१ मध्ये कराचा नियम बदलला, त्यामुळे एकट्याची कंपनी काढून काम करणाऱ्या ड्रायव्हरांच्या हातात पडणारी रक्कम घटली. आणि पूर्व युरोपातले ड्रायव्हर परत जाऊ लागले.

आमच्याकडचा एक पोलिश ड्रायव्हर असाच गेला. शांत माणूस, रात्रीच्या पाळीत कधी कुरकुर नाही. त्याच्याकडे इथे राहण्याचा कायम हक्क होता, व्हिसाचा प्रश्नच नव्हता. तरी गेला. घराजवळ काम मिळतंय, पगारातलं अंतर पूर्वीइतकं राहिलं नाही, असं म्हणाला. आणखी एक गोष्ट त्याने कधी बोलून दाखवली नाही, पण माझ्या मनात ती कायम होती. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या सार्वमतात मला मत होतं. मी भारतीय पासपोर्टवाला, म्हणजे राष्ट्रकुलातला, म्हणून. तो इथे माझ्याआधी आलेला, माझ्याहून जास्त कर भरलेला; त्याला नव्हतं. मी 'राहू या'ला मत दिलं, पण त्याच्या भवितव्यावर मी शिक्का मारावा आणि त्याने बघत बसावं, हे विचित्रच होतं.

पगार मात्र वाढले, आणि भराभर वाढले. टेस्कोने रुजू होणाऱ्या ड्रायव्हरला एक हजार पौंडांचा बोनस जाहीर केला, मग इतर सुपरमार्केटं मागे कशी राहतील? आमच्याकडे दर आधी थोडा वाढला, मग पुन्हा वाढला, तरी माणसं जातच होती. त्यांच्या जागी नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर आमच्याकडे येऊ लागले. मला आनंद झाला. पुढच्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला कचरा उचलला गेला नाही. एका यार्डातला माणूस दुसऱ्या यार्डात, एवढंच चाललं होतं; ड्रायव्हर जन्माला यायला पैशाशिवाय वेळही लागतो.

साठीला टेकलेला एक इंग्रज ड्रायव्हर मला ऐकवायचा, "इतकी वर्षं इथे राबतोय, पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय, तुला किती हवेत?" त्याने 'बाहेर पडा'ला मत दिलेलं आणि त्याचा त्याला अभिमान. आमचं कधी पटलं नाही. पण या एका बाबतीत तो बरोबर होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आमच्या धंद्याने वर्षानुवर्षं स्वस्त माणसांच्या भरवशावर दर पाडले, आणि ग्राहकाला 'डिलिव्हरी फुकट' असते असं शिकवलं. गडबड एवढीच की तो म्हणायचा ही पगारवाढ ब्रेक्झिटने करून दाखवली, आणि त्याच पगारवाढीनंतरही त्याचे दिवस काही सुधारले नव्हते. जुलैत सरकारने दिवसाला गाडी चालवण्याच्या तासांची मर्यादा नवावरून दहावर नेली. माणसं नाहीत म्हणून आहेत त्यांनाच जास्त दमवा! कॅन्टीनमध्ये त्यावर बोरिसच्या नावाने जे शब्द ऐकले, ते छापता येणार नाहीत, आणि ते बोलणाऱ्यांत त्याचे मतदारच जास्त होते.

खरा राग पैशांचा नव्हताच. माल घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला तिथलं शौचालय वापरू देत नसत. कोविडच्या नावाखाली तर गेटवरूनच परत. सरकारला पत्रक काढून सांगावं लागलं की हा त्यांचा हक्क आहे. रात्री गाडी लावायला जागा नाही, म्हणून हमरस्त्याच्या कडेला केबिनमध्येच झोपायचं. माझे वडील एसटीत चालक होते. मुक्कामी गाडी घेऊन गेले की तेही गाडीतच झोपत, पण गावातून कुणाच्या तरी घरची भाकरी यायची आणि सकाळी चहा. इथे लाखभर पौंडांचा माल पाठीशी घेऊन माणूस बाटलीत लघवी करतो. त्याला ताशी दोन पौंड वाढवून दिले की तो कृतज्ञ होईल, असं मंत्र्यांना का वाटावं?

सप्टेंबरात पेट्रोलचा घोळ झाला. टँकरला ड्रायव्हर नाहीत म्हणून बीपीने काही पंप बंद ठेवले, बातमी फुटली आणि देश रांगेत उभा राहिला. गंमत अशी, आमच्या यार्डात डिझेलची स्वतःची टाकी होती, ट्रकला काही कमी नव्हतं. ट्रकपर्यंत यायला ड्रायव्हरांच्या मोटारींत पेट्रोल नव्हतं. मी पहाटे एकेकाला फोन करून कोण कुणाला उचलणार हे ठरवत होतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला टँकरवर सैनिक आले. त्याच आठवड्यात जॉन्सन मँचेस्टरच्या पक्ष अधिवेशनात भरघोस पगाराच्या अर्थव्यवस्थेचं स्वप्न रंगवत होते. जड वाहनांचा परवाना असलेल्या सुमारे दहा लाख लोकांना 'परत या' अशी पत्रं गेली. त्यातली काही इथल्या जर्मन मंडळींना मिळाली, कारण त्यांच्या जुन्या मोटार-परवान्यात लहान ट्रकही बसतो.

नोव्हेंबरात साताऱ्याहून चुलतभावाचा फोन आला. तोही एसटीत चालक, एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणासाठी चाललेल्या संपावर. पगार तोकडा, तोही वेळेवर नाही, सहकाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या. आगाराबाहेर मांडवात बसून बोलत होता. "तुमच्याकडं ड्रायव्हर पायजेत म्हणं. येऊ का?" मी त्याला सांगितलं की सरकारने पाच हजार व्हिसे काढलेत, पण ते तात्पुरते, नाताळची गर्दी निभावण्यापुरते. आणि भारतीय परवान्यावर इथे ट्रक चालवता येत नाही. तो म्हणाला, "तात्पुरता माणूस पायजे आणि कायमचा माल पायजे व्हय?" मग त्याने विचारलं, तुमच्याकडचे ड्रायव्हर संपावर का जात नाहीत? मी म्हटलं, त्यांना गरज नाही, ते शेजारच्या यार्डात जातात. त्याला शेजारचं यार्ड नव्हतं. महिनाअखेर मूळ पगारात काही हजारांची वाढ जाहीर झाली, तरी तो लगेच कामावर गेला नाही. नंतर एप्रिलमध्ये कोर्टाने मुदत दिली तेव्हा गेला.

आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा लेस्टरचा एक गुजराती मुलगा होता. त्याने कर्ज काढून परीक्षा दिली, पहिल्या झटक्यात पास झाला. देशभर ड्रायव्हरांचा दुष्काळ, आणि याला काम मिळेना! विमा कंपन्या दोन वर्षांचा अनुभव मागतात. मी साहेबांशी भांडलो. शेवटी त्या इंग्रज ड्रायव्हरनेच त्याला काही आठवडे शेजारी बसवून घेतलं, उलटी गाडी लावायला शिकवलं, कुठल्या गोदामात शौचालय वापरू देतात तेही दाखवलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पोरगं तयार झालं. आणि एका शुक्रवारी राजीनामा घेऊन आलं; एका सुपरमार्केटमध्ये आमच्यापेक्षा बरा दर होता, रविवारी सुट्टीही. मी त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि तो दाराबाहेर पडायच्या आत त्याच्या सोमवारच्या फेरीसाठी एजन्सीला फोन लावला.