चोळीबांगडीतलं शहर

बंगळूरला जुनी खानदानी घरं बघायची म्हटलं की लोक थेट वसंतनगरच्या राजवाड्यावर नेऊन सोडतात. म्हैसूरच्या वडियारांचा राजवाडा. इंग्रजी टुडर घाटाचा, बुरुजांवर वेली चढलेल्या, आत लाकडाचं कोरीवकाम, भिंतीवर पूर्वजांची तैलचित्रं. एका दालनात हत्तीच्या पायांपासून केलेली स्टुलं आहेत, त्यांच्यासमोर बडबडी मुलंही गप्प होतात. जागा मुळात रेव्हरंड गॅरेट नावाच्या इंग्रज पाद्र्याची. 1873 साली ती अल्पवयीन महाराजांसाठी विकत घेतली गेली आणि 1878 पासून तिला आजचं रूप येत गेलं. भोवतालच्या साडेचारशे एकरांवरून सरकार आणि राजघराणं यांचा कोर्टकज्जा वर्षानुवर्षं चालला. दाव्यांच्या तारखा पडत राहिल्या तरी तिथे लग्नं लागली, गाण्याचे जलसे झाले. राजवाड्याचं म्हातारपण यापेक्षा वाईट जाऊ शकतं.

मराठी माणूस मात्र या शहरात आणखी एक घर शोधत असतो. ते कोणत्याच तिकिटात बसत नाही, कारण ते नाहीच.

1638 साली विजापूरच्या फौजेने, रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी, केंपेगौडाचं हे गाव घेतलं. केंपेगौडा मागडीला गेला आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. कोलार, होसकोटे, शिरे हा सगळा टापू त्यांच्या हाताखाली होता. जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजे काही काळ इथे येऊन राहिले, आणि 1642च्या सुमारास इथूनच पुण्याकडे निघाले. ते राहिले तो वाडा म्हणे चिकपेटेत होता. गौरीमहाल म्हणत त्याला. आज त्याची एक वीटही दाखवता येत नाही.

चिकपेटेत उभं राहिलं की विटांचा विचार करायला सवड नसते. रेशमी साड्यांची दुकानं, हातगाड्या, डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल, त्यांच्या पोटऱ्यांना घासून जाणाऱ्या स्कूटरी. जवळच नगरथपेटेच्या एका बोळात जिना चढून गेलं की सोन्याच्या गलाईची भट्टी लागते. दहा बाय दहाची खोली, काळवंडलेलं छत, चिमट्यात धरलेली लालभडक मूस. आत शिवाजी महाराजांची तसबीर असते, तिला ताजा हार असतो आणि भट्टीपाशी बसलेला पोरगा माणदेशी वळणाच्या मराठीत विचारतो, “पाव्हणं, कुठलं म्हणायचं?” विटा, खानापूर, आटपाडीकडच्या दुष्काळी गावांतून ही माणसं देशभरच्या सराफकट्ट्यांवर पसरली, तशी इथेही आली. झाडलोटीच्या राखेतूनही ती सोन्याचा कण काढतात. शहाजीराजांच्या पेठेत आज मराठी बोललं जातं ते या खोल्यांत, आणि या माणसांना गौरीमहाल कुठे होता हे विचारण्यात अर्थ नसतो. त्यांचं दुकानाचं भाडं थकलेलं असतं.

त्या वाड्यातली एक गोष्ट मात्र उरली. जयराम पिंड्ये नावाचा कवी शहाजीराजांच्या दरबारी आला आणि त्याने राजांसमोर बारा नारळ ठेवले. मला बारा भाषांत कविता करता येते, असा त्याचा अर्थ. मग समस्या घातल्या गेल्या, कवींनी त्या पुऱ्या केल्या, संस्कृतात, मराठीत, हिंदुस्थानीत, कानडीतही. हे सगळं त्याने ‘राधामाधवविलासचंपू’त लिहून ठेवलं आणि वि. का. राजवाड्यांनी 1922 साली भलीथोरली प्रस्तावना जोडून ते छापलं. मला त्या बारा नारळांचं फार अप्रूप वाटतं. भाषेवरून ज्या शहरात दर काही महिन्यांनी पाट्या फुटतात, त्याच शहरात साडेतीनशे वर्षांपूर्वी एक मराठी सरदार कानडी कवितेला मान डोलावत बसला होता. वाडा गेला तो गेला, पण ही बैठकही मोडावी?

राजे, तुम्हाला तरी हे घर आपलं वाटलं होतं का? जहागीर आदिलशहाची, उद्या काढून घेतली असती तर उठून जावं लागलं असतं. तुमचा सगळा जन्म असाच दुसऱ्याच्या मुलखात घरं मांडण्यात गेला, अहमदनगर, माहुली, विजापूर, बंगळूर. आणि शेवट घरात झालाच नाही. 23 जानेवारी 1664 रोजी होदिगेऱ्याच्या रानात शिकारीच्या मागे असताना घोड्याचा पाय वेलीत अडकला आणि तुम्ही पडलात ते उठला नाहीत.

बंगळूर मग शहाजीराजांच्या धाकट्या मुलाकडे, व्यंकोजीराजांकडे राहिलं. 1677 साली थोरले भाऊ शिवाजीराजे दक्षिणेत उतरले, भावाभावांत आधी बिनसलं, मग समेट झाला. त्या तहाच्या कलमांत एक कलम असं सापडतं की बंगळूर आणि आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी द्यावा. अख्खं शहर, चोळीबांगडीला! मराठ्यांच्या राजकारणातलं इतकं घरगुती कलम दुसरं मला आठवत नाही. भावजयीच्या ओटीत घातलेली ही पेठ दहा वर्षंही घरात राहिली नाही. व्यंकोजींचं चित्त तंजावरात होतं, बंगळूर लांब पडत होतं, तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवरायाशी तीन लाखांत सौदा ठरला. तो पुरा व्हायच्या आत, 1687च्या जुलैत, मोगलांचा कासीमखान गावात शिरला. चिक्कदेवरायाने पुढे त्याच तीन लाखांत शहर मोगलांकडून घेतलं. म्हणजे विकायलासुद्धा आपण उशीर केला.

चिक्कदेवरायाच्या काळातलं कोटे वेंकटरमणाचं देऊळ अजून नांदतं आहे, आणि त्याच्या शेजारीच टिपूचा उन्हाळी महाल. हैदरने सुरू केला, 1791 साली टिपूने पुरा केला. दोन मजले, दगडी जोत्यावर सागवानी खांब, महिरपी, समोरासमोर सज्जे. भिंतींवरची फुलं इतकी विटली आहेत की जवळ जाऊन पाहिल्याशिवाय ती फुलं आहेत हे कळत नाही. खांबाला हात लावला तर तासणीचा किंचित चढउतार बोटांना लागतो. हा महाल पुरा झाला त्याच वर्षी कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला फोडला, आणि त्याच वर्षी पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या डागडुजीला मदत पाठवली ती टिपूने. बंगळूरमध्ये आपल्या पूर्वजांचे पराक्रम सांगायला जो तोंड उघडेल त्याने हेही सांगावं. कानडी मुलखाला आपली आठवण एकाच रंगाची नाही.

आणि लालबाग. हैदरने 1760 साली मांडलेली ही बाग आज दोनशे चाळीस एकरांची आहे. आत गेल्यावर आधी तो उघडा खडक चढावा. सुमारे तीनशे कोटी वर्षांचा तो, वर केंपेगौडाच्या घराण्याचा छोटा मनोरा, आणि खडकावर सकाळी धावायला आलेली सॉफ्टवेअरवाली मुलं. खाली काचघर, 1889 साली पायाभरणी झालेलं. हैदर गेला, टिपू गेला, कंपनी गेली, महाराज गेले, पण बाग कोणाच्याच मागे सती गेली नाही. प्रत्येकाने तिच्यात आपलं एखादं झाड आणून लावलं. 1908 पासून तिचा सांभाळ करणारा जर्मन माळी क्रुंबिगेल हा आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत होता. बंगळूरच्या रस्त्यांवर एक झाड ओसरलं की दुसरं फुलावं अशी लावणी त्याने केली. जानेवारीपासून गुलाबी टॅबेबुया, मग जांभळा जॅकरँडा, मग गुलमोहर. महायुद्धात शत्रूदेशाचा म्हणून अटकेतही पडला, पण 1956 साली मेला तो इथेच, आणि पुरलाही इथेच. मराठी दरबाराकडून या शहराला काही टिकाऊ मिळालं असेल तर त्यात हा बडोद्याहून आलेला माळी मी आधी मोजेन.

अधूनमधून कोणीतरी म्हणतं, चिकपेटेत शहाजीराजांचा महाल पुन्हा बांधावा. नको. पुण्यातला आजचा लाल महाल 1980च्या दशकातला आहे, आणि शाळेच्या सहलीतली मुलं त्यालाच जिजाऊंचं घर समजतात. खोट्या घराने खरं घर दुसऱ्यांदा मरतं. आहे तेच बघावं. मल्लेश्वरमला काडू मल्लेश्वराचं देऊळ आहे, तिथे 1669 सालचा व्यंकोजींचा शिलालेख आहे, मेदारनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याचा. वडील जाऊन पाचच वर्षं झाली होती. राहतं घर गेलं, शहर गेलं, देवाला लिहून दिलेलं तेवढं दगडावर राहिलं.

तेव्हा बंगळूरला गेलात तर वडियारांचा राजवाडा जरूर बघा, पण मल्लेश्वरमला तासभर काढा. आणि एक दिवस हाताशी असेल तर दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरी तालुक्यातल्या होदिगेऱ्याला जा, जयंती-पुण्यतिथीची गर्दी टाळून. शहाजीराजांची समाधी तिथे आहे, साधी आणि उघड्यावर.