बाबांची चेतक आणि माझी बादली

रविवारची सकाळ. भंगारवाल्याने पार्किंगमधल्या चेतकभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाला, ‘‘ताई, वजनावर घेतो. टायरचं काही नाही मिळणार.’’ बाबा जिन्यात उभे होते. ‘‘देऊन टाक,’’ एवढंच बोलून ते वर निघून गेले. डावा हात पँटच्या खिशात. हल्ली तो बहुतेक वेळा खिशातच असतो.

मी बाबांनी निवडून, बांधून ठेवलेली रद्दी त्याला दिली आणि त्याला कटवलं. स्कूटर राहिली.

खरं सांगू? तेव्हा माझ्याकडे काहीही प्लॅन नव्हता. मुंबईतली चॅनेलची नोकरी सोडून मी पुण्याला परत आले त्याला वर्ष होत आलं होतं. फ्रीलान्स करते म्हणजे नक्की काय करते, हे शेजारच्या काकूंना अजून कळलेलं नाही. ‘सध्या घरीच असते ना?’ असं त्या आईला विचारतात. बाबांना तर माझं नोकरी सोडणं अजिबात पटलं नव्हतं. भांडण वगैरे नाही झालं. फक्त बोलणं आटत आटत ‘जेवलीस का’ आणि ‘सिलिंडर आला का’ यावर येऊन थांबलं. त्यातच त्यांचं पार्किन्सन्सचं निदान झालं आणि डॉक्टरांनी दुचाकी बंद करायला सांगितली. त्यांनी अ‍ॅक्टिव्हाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. तीही न बोलता.

आणि चेतक? ती १९९६ची. आमच्या मोठ्या काकांच्या वेळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. बाबांच्या नशिबात तेवढी वाट बघणं नव्हतं. चेतक १९७२ मध्ये आली, आकुर्डीला बनायची आणि नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचं, हे सगळं मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. मी पुढे उभी, आई मागे आडवी बसलेली, डिकीत भाजी. २००९च्या शेवटी बजाजने स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा बाबा दोन दिवस उदास होते. २०२० मध्ये चेतक परत आली, पण इलेक्ट्रिक. ‘‘घोडा तोच, फक्त खिंकाळत नाही,’’ हा त्यांचा शेरा.

आमची २०१५ पासून झाकून ठेवलेली. झाकण म्हणजे प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकखाली पुण्याचे दहा पावसाळे. कल्पना करा!

तर माझं वर्कशॉप म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची ड्राय बाल्कनी. वॉशिंग मशीन आणि झाडू यांच्या मधली चार फूट जागा. आधी सुटे भाग डिझेलने धुऊन त्यांवरचं काळं ग्रीस काढलं. (आईने दोन दिवस बाल्कनीकडे पाठ फिरवून स्वयंपाक केला.) मग तारेचा ब्रश. तासाभरात खांदा गेला आणि गंज मात्र जागच्या जागी. शेवटी बादलीचा फंडा सापडला, आणि तो सॉलिड आहे.

प्लॅस्टिकची बादली, दहा लिटर पाणी, त्यात तीन-चार चमचे धुण्याचा सोडा. गंजलेला भाग तारेने मधोमध लटकवायचा आणि बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची मायनसची वायर त्याला जोडायची. प्लसची वायर कडेला सोडलेल्या भंगार लोखंडाच्या तुकड्याला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. वायरी उलट्या लागल्या तर बादली तुमचाच भाग खाते! प्लसला स्टीलचा चमचा वगैरे अजिबात लावायचा नाही, कारण त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून ते विषारी होतं. बुडबुडे येतात त्यात हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं, आसपास काडी पेटवायची नाही आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. रात्रभरात गंज सुटतो आणि वर काळा थर राहतो, तो घासला की निघून जातो. खाली राखाडी, स्वच्छ लोखंड. पहिली रिम अशी बाहेर आली तेव्हा मी बाल्कनीत एकटीच नाचले.

पण नाचायलाही वेळ नसतो. उघडं पडलेलं ओलं लोखंड पावसाळी हवेत काही मिनिटांतच पुन्हा तांबूस पडतं. त्यामुळे लगेच गरम पाणी, कोरडं फडकं, हेअर ड्रायर आणि वर रेड ऑक्साइड प्रायमर. माझ्या हेअर ड्रायरचा एवढा उपयोग आयुष्यात कधी झाला नव्हता.

आणि मग ती रात्र. सकाळची डेडलाइन होती, लेख अर्धा होता. झोपण्यापूर्वी घाईत किक, दोन ब्रॅकेट आणि क्लचची लिव्हर, जे हाताला लागलं ते तारेत ओवलं आणि बादलीत सोडलं.

सकाळी किक झकास निघाली. लिव्हर मात्र काळी ठिक्कर, अंगावर बारीक बारीक खड्डे. देवी आल्यासारखे.

ती अ‍ॅल्युमिनियमची होती. सोड्याचं पाणी अ‍ॅल्युमिनियमला खातं. मला माहीतच नव्हतं.

नाना पेठेत नवी लिव्हर सहज मिळते, किंमतही फार नाही. पण ही बाबांची होती. डाव्या हाताच्या बोटांनी जवळजवळ वीस वर्षं दाबून दाबून आतल्या बाजूने गुळगुळीत झालेली. त्या डाव्या हाताचं एवढंच काहीतरी उरलं होतं, आणि ते मी एका रात्रीत घालवलं. गुपचूप नवी आणून लावावी, असंही मनात आलं. खोटं कशाला बोला!

तेवढ्यात बाबा चहाचा कप घेऊन दारात आले. मी लिव्हर पुढे केली. ‘‘बाबा, सॉरी. खराब झाली.’’

त्यांनी ती उजेडात धरली, उलटी-सुलटी केली. ‘‘चुंबक लावून बघितलंस?’’

‘‘काय?’’

‘‘चुंबक. चिकटला तर लोखंड, बादलीत घाल. नाही चिकटला तर थांब, विचार कर.’’ मग जरा हसले. ‘‘तीस वर्षं पोरांना इलेक्ट्रोलिसिस शिकवलं. घरच्या पोरीला तेवढं राहिलं.’’

ते आत गेले, खुर्ची घेऊन आले आणि बसले. पॉलिश पेपर मागितला. चारशे नंबर, मग आठशे, मग बाराशे, पाण्यात बुडवून. डाव्या हाताने लिव्हर घट्ट धरली आणि उजव्या हाताने घासायला सुरुवात केली. मी हातांकडेच बघत होते. मांडीवर नुसता पडलेला असताना थरथरणारा त्यांचा हात लिव्हर धरल्यावर बराच शांत झाला होता. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं म्हणे, विश्रांतीत कंप जास्त आणि काम करताना कमी. आईला माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

खड्डे पूर्ण गेले नाहीत. खोल होते ते राहिले. शेवटी मेटल पॉलिश मारलं तेव्हा लिव्हर चकाकली, पण जवळून पाहिलं की माझी करामत दिसते. ‘‘हीच लावायची,’’ बाबा म्हणाले. ‘‘हाताला टोचत नाही ना? मग झालं.’’

भाग गुंडाळून ठेवायला मी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून पेपर ओढला.

‘‘तो नको.’’

‘‘का?’’

‘‘त्यात तुझा लेख आहे. वेगळे ठेवलेत मी. रद्दीतला घे.’’

मी रद्दीतला घेतला. त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही. बोललो ते मडगार्डवर, चांगला तासभर.

स्कूटर अजून चालू झालेली नाही हो! दोन्ही रिम्स, किक आणि स्टँड तयार आहेत. इंजिन उघडायचंय, ते मेकॅनिककडेच. पंधरा वर्षं केव्हाच उलटून गेल्यामुळे आरटीओचं फेरनोंदणीचं लचांड आहे ते वेगळंच. चालवायची मी, बाबा मागे, असं ठरलंय. क्लच कसा सोडायचा यावर मागून लेक्चर मिळणार हेही ठरलेलंच.

काल संध्याकाळी बाबा पार्किंगमध्ये उतरले तेव्हा डावा हात नेहमीसारखा खिशात होता. चेतकपाशी आल्यावर तो बाहेर आला. हातात चुंबक होतं.

‘‘चल,’’ म्हणाले, ‘‘पुढचं काय काय लोखंड आहे बघू.’’