आधी नक्की, मग अंदाज

आजीच्या मनात एक सल होता. तिची धाकटी बहीण मारिया तान्ही असतानाच गेली. तिचा बाप्तिस्मा झाला होता ना?

आजी मूळची वसईची. पप्पांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे आम्ही मलकपेठेत राहतो. वसईच्या दादाने जुन्या बाप्तिस्मा-नोंदी टाइप करून मायएसक्यूएलमध्ये भरल्यात, त्याची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर आहे. मी शोध टाकला: आडनाव डाबरे, वर्ष 1935 ते 1945, नाव मारिया. अकरा मारिया आल्या! आमच्याकडे घराघरात एक मारिया असतेच म्हणा.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "ते नंतर बघू. आधी क्वेरीपुढे एक्सप्लेन लिही." इंडेक्स आडनाव, वर्ष, नाव अशा क्रमाने तिन्ही रकान्यांवर होता. पण 'की_लेन' आली 204. तिन्ही वापरले असते तर 406 यायला हवी होती. म्हणजे नावाचा रकाना शोधाची हद्द आखायला वापरलाच नव्हता.

कारण साधं आहे. इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली यादी. डाबरे एकत्र, त्यांच्यात वर्षं ओळीने, आणि प्रत्येक वर्षात नावं. एकच वर्ष दिलं तर त्यातली मारिया थेट सापडते. पण 'पासून-पर्यंत' म्हटलं की मारिया दरवर्षीच्या ढिगात विखुरलेल्या असतात. मग त्या अकरा वर्षांतल्या सगळ्या डाबऱ्यांवरून जाऊन नाव एकेक करून तपासावं लागतं. दादाने नवा इंडेक्स केला: आडनाव, नाव, वर्ष. की_लेन 406! "जे नक्की माहीत आहे ते आधी," तो म्हणाला, "अंदाज शेवटी."

खरं सांगायचं तर, एवढ्या नोंदींत वेळेचा फरक डोळ्यांना दिसलाही नसता. पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

कारण आजीला मी रोज पहिला प्रश्न हाच विचारायचे, "कधी झालं गं ते?" हल्ली ती विसरते. वर्ष आठवेना की ती गप्प व्हायची, आणि मी वैतागायचे. त्या रात्री प्रश्न बदलला. "मारियाला हातात कोणी धरलं होतं, आजी?"

ती लगेच म्हणाली, "इनास मावशीने. पाऊस होता. भाताची लावणी चाललेली. तिच्या लुगड्याला चिखल लागलेला."

अकरा नोंदींपैकी एकीतच धर्ममाता म्हणून इनास होती. जुलै 1941. वडिलांचं नावही जुळलं.

मी वाचून दाखवलं. आजीने क्रुसाची खूण केली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "2 नोव्हेंबरला मिस्साच्या यादीत तिचं नाव दे. माझ्या आधी लिही."