गोंदियाच्या खुर्च्या

गोंदिया म्हटलं की बहुतेकींना दोन गोष्टी आठवतात. एक तांदूळ, दुसरी विदर्भ एक्सप्रेस. मुंबईहून निघालेली ही गाडी जिथे जाऊन थांबते ते गोंदिया. त्याच्यापुढे आमगाव, सालेकसा, दरेकसा, आणि मग छत्तीसगड सुरू. 1999 सालच्या 1 मेपर्यंत हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. बाहेरची माणसं इकडे येतात ती नागझिऱ्याच्या नाहीतर नवेगावबांधच्या जंगलासाठी. मी मात्र गेले ती जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या घ्यायला! आमच्या ह्यांनी तिकीट काढताना तीनदा विचारलं, "खुर्च्या नागपुरात मिळत नाहीत का?"

मिळतात ना. हव्या तेवढ्या मिळतात. पण दुकानातली चकचकीत खुर्ची उलटी करून पाहिली की खाली भुसा दाबून केलेली पाटी आणि त्यात घुसवलेले चार स्क्रू दिसतात. दोन पावसाळे गेले की पाटी फुगते, स्क्रू सैल होतो, आणि नेमका पाहुणा बसलेला असताना पाय मुडपतो. माझी नणंद लग्न होऊन गोंदियाला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तीच म्हणाली, "वहिनी, तुम्ही इकडे या. इथे जुन्या घरांतून अजून सागवानी खुर्च्या निघतात, अन् भंगारात जातात."

नागपूरहून गाडीने दोन-अडीच तास लागतात. कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा. डिसेंबरचा महिना होता. धान कापून झालेलं, बांध्यांमधून नुसते पिवळे खुंट उरलेले, मधूनच एखादं तळं चमकून जायचं. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः याच भागात उरले आहेत म्हणतात. मी खिडकीला नाक लावून बसले होते, पण मला काही दिसले नाहीत.

स्टेशनाबाहेर पडलं की कानावर हिंदीच येते. रिक्षावाला हिंदी, भाजीवाली हिंदी, आणि घरात शिरलं की मराठी, तीही आपली झाडीपट्टीची. पोवारी, गोंडी, छत्तीसगढीही बाजारात ऐकू येतात. हे गाव वाढलं ते रेल्वेमुळे, तांदळाच्या गिरण्यांमुळे आणि विड्यांच्या व्यापारामुळे. आमच्या नणंदेचं म्हणणं, खुर्च्याही त्यातूनच आल्या. पेढीवर मुनीम गादीवर, लोडाला टेकून बसायचा. पण रेल्वेचा साहेब, जंगलखात्याचा साहेब, बँकेचा माणूस आला तर त्याला खाली कसं बसवायचं? म्हणून सुताराकडून चार-सहा खुर्च्या करून घ्यायच्या. लाकडाला तोटा नव्हता. इथून रेल्वे थेट बल्लारशाहला जाते, आणि तिकडचं सागवान 'सीपी टीक' या नावानं देशभर ओळखलं जातं. सीपी म्हणजे आपला जुना मध्यप्रांत.

या खुर्च्या साधारण 1950 ते 1970 या काळातल्या. त्याआधीच्या खुर्च्यांवर नक्षी, वेलबुट्टी, सिंहाचे पंजे असायचे. या मात्र साध्या. पाय किंचित तिरके, वर निमुळती पाठ, बसायला आणि टेकायला वेताची जाळी. बाहेरच्या देशांत या घाटाला 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात आणि त्याचं फार वेड आहे. चंदीगड शहर वसवताना पिएर झान्नेरे या स्विस वास्तुकारानं तिथल्या कचेऱ्यांसाठी अशाच सागवानी-वेताच्या खुर्च्या काढल्या होत्या. पुढे त्या जुन्या झाल्या म्हणून ढिगानं भंगारात लिलावाला निघाल्या. व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, साफसूफ करून परदेशी नेल्या आणि एकेक खुर्ची लाखो रुपयांना विकली. शेवटी 2011 साली केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. गोंदियातल्या खुर्च्या काही चंदीगडच्या नव्हेत. त्या गावच्या सुतारांच्या हातच्या. म्हणून त्यांना लाखांची किंमत नाही, पण किलोच्या भावाने जाव्यात अशाही त्या नाहीत.

नणंदेनं आमगावच्या रस्त्यावरच्या एका गावातलं घर हेरून ठेवलं होतं. घराच्या वाटण्या चालल्या होत्या. ओसरीत पाच खुर्च्या. चार बिनहातांच्या, एक हातांची. वेत ठिकठिकाणी तुटलेला. घरच्या मुलानं भंगारवाल्याशी तीनशे रुपये नगाप्रमाणे ठरवून टाकलेलं. मी खाली बसले आणि एकेक खुर्ची उलटी केली. मैत्रिणींनो, खुर्ची वरून बघायचीच नाही. वरून सगळ्याच छान दिसतात. खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला असेल तर आत किडा आहे. सागाच्या आतल्या, तपकिरी लाकडाला सहसा तो लागत नाही, पण कडेचा पांढरट भाग वापरलेला असेल तर लागतो. नखानं किंवा चावीनं खालून थोडं खरवडायचं. सागाला एक तेलकट, चामड्यासारखा वास येतो. तो एकदा नाकात बसला की पुन्हा विसरत नाही. मग सांधे. लाकडात लाकूड बसवून सरसानं चिकटवलेला सांधा हललेला असला तरी घाबरायचं नाही, तो दुरुस्त होतो. पण त्यात कुणी खिळे ठोकलेले असतील तर लाकूड चिरलेलं असतं. आणि चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू दिसले तर समजायचं की एकतर खुर्ची नवी आहे, नाहीतर मागाहून दुरुस्त केलेली आहे. इथे सगळे स्क्रू एका चिरेचे होते.

घरच्या काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली. मी विचारलं, "काकू, द्यायच्या ना या?"

मुलगाच बोलला, "तिले काय विचारता? तिले काय करायचं आहे खुर्च्यांचं?"

काकू म्हणाल्या, "खरं आहे. मी कवा बसली त्याच्यावर? मामाजी ओसरीत असले तं आम्ही मागच्या दारानं जात होतो." मामाजी म्हणजे सासरे. मग थोडं थांबून म्हणाल्या, "धुतल्या मात्र मीच. दर दिवाळीले."

पन्नासएक दिवाळ्या झाल्या असतील. वेत असा टिकतो तो कुणाच्या तरी हातानं, हे लक्षात ठेवायला हवं. मी आणखी एकदा विचारलं तेव्हा त्या पुढे आल्या आणि हातांच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही एक राहू द्या. माझे गुडघे धरतात. खाली बसली तं उठता येत नाही."

मुलगा म्हणे, "तुले प्लास्टिकची आणतो ना, हलकी." मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, गुळगुळीत फरशीवर हलक्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या हातावर जोर देऊन म्हातारं माणूस उठायला लागलं की खुर्ची मागे सरकते, कधी पायच फाकतात. या वयात एकदा मांडीचं हाड मोडलं तर सगळं घर अंथरुणाला खिळतं. ही जड आहे, रुंद आहे, हात भक्कम आहेत. हीच पाहिजे. तो काही बोलला नाही. आतून सूनबाईचा आवाज आला, "मी तं मागेच सांगत होती."

पाचांतली सगळ्यात देखणी तीच होती, हे मी कबूल करते. मुंबईतल्या जुन्या सामानाच्या दुकानात मी असली एक दहा हजारांच्या चिठ्ठीसह पाहिली आहे. उरलेल्या चार मी दोन हजार रुपये नगाने घेतल्या. घासाघीस केली नाही, आणि आठ हजार काकूंच्या हातात दिले. मुलगा बघत राहिला. जुनी वस्तू घेताना घरातल्या बाईला विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बायकोच्या माहेरचं पितळ आणि आईच्या हातची पेटी पुरुषमाणसं किती सहज मोडीत घालतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

दुरुस्ती गोंदियातच केली. सुताराला एकच अट, खिळा मारायचा नाही. त्यानं सांधे उकलले, जुना सरस खरवडला, नवा लावून दोरीनं आवळून दोन दिवस ठेवले. वेत विणणारे मात्र आता शोधावे लागतात. एके काळी अंधशाळांतून हे काम शिकवत असत, कारण ते बोटांनी होतं. चौकटीच्या कडेला भोकं असतील तर हाताची विणाई होते, एका बैठकीला एखाद-दोन दिवस तरी जातात. भोकांऐवजी नुसती खाच असेल तर तयार विणलेली वेताची चटई त्यात ठोकून बसवतात, ते काम लवकर होतं. कुणी नायलॉनची पट्टी लावा म्हणाला तर ऐकू नका. टिकते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगाला चटका देते.

पॉलिशची गंमत तर आणखीच. माझा समज होता ते बाटलीतून येतं. इथे कळलं की झाडावरून येतं! पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे वसतात, डहाळ्यांवर लाखेचा थर चढतो. तो खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पापुद्रे करतात, तो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की झालं पॉलिश. गोंदियाच्या जंगलात हे पीक जुनं आहे. डिंक आणि लाखेच्या व्यापारावरूनच गावाला गोंदिया नाव पडलं असंही सांगतात. आपल्या खुर्चीवर हेच पॉलिश आहे का हे बघायचं असेल तर खालच्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवा. चिकट लागलं तर लाखेचं. त्यावर गरम चहाचा कप ठेवू नका, पांढरं वळं उठतं.

चारही खुर्च्या पोत्यात गुंडाळून छोट्या टेम्पोनं नागपूरला आल्या. बैठक जुन्या पद्धतीनं थोडी बुटकी निघाली, म्हणून पायांना सागाचेच इंचभर ठोकळे लावून घेतले. तुम्ही घेण्याआधी आपल्या टेबलाची उंची मोजून न्या.

वेत सैल पडला तर खुर्ची उलटी करावी, गरम पाण्यात पिळलेलं फडकं जाळीच्या खालच्या बाजूवर दहा-पंधरा मिनिटं ठेवावं आणि सावलीत वाळू द्यावी. जाळी पुन्हा ताणून बसते. उन्हात ठेवू नये, सांधे उघडतात. आणि पंखा पुसायला तिच्यावर चढून उभं राहू नये, त्यासाठी स्टूल आहे.