पडद्यावरचे पॅरिस आणि आमचा राजवाडा

इंदुरात राजवाडे दोन आहेत. लालबागेची गोष्ट निराळी. ती आम्ही येथे मोजत नाही. पहिला राजवाडा खजुरी बाजाराला लागून उभा आहे. त्याचे खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. रंगपंचमीची गेर रंग उधळीत त्याच्याच पुढ्यात येते, आणि अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने २० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठकही तेथेच भरली. दुसरा राजवाडा १९८४ पूर्वी ज्यांनी तो आतून पाहिला, त्यांच्या डोळ्यांत आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील दंगलीत वाड्याचा मागचा भाग जळाला आणि दर्शनी भिंत तेवढी मागे उरली. पुढे कित्येक वर्षे त्या भिंतीमागे बाग होती. २००६-०७ च्या सुमारास होळकर घराण्याच्या पुढाकाराने मागचा भाग जुन्या पद्धतीने पुन्हा उभारला गेला. काम चांगलेच झाले आहे, परंतु आमच्या आईच्या पिढीतील माणसे आजही तेथे गेली की क्षणभर थबकतात आणि म्हणतात, "हा जिना इथे नव्हता." तो जिना खरोखर कोठे होता, हे आता नेमके दाखविणार कोण?

हा प्रश्न आमच्या मनात ज्या वाटेने शिरला, ती वाट या मासिकाच्या वाचकांस काहीशी अनपेक्षित वाटेल. आम्हांस व्हिडिओ गेमचा नाद आहे. दूरचित्रवाणीला जोडावयाचे 'समुराई' यंत्र मोहल्ल्यात एकाच घरी असे आणि बाकीची मुले त्या घराच्या पायरीवर आपली पाळी येण्याची वाट पाहत असत, त्या दिवसांपासूनचा हा नाद. वय वाढले तसा तो सुटेल, अशी घरच्यांची अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. आजही सकाळी वर्तमानपत्र संपले की कोणता नवा खेळ केव्हा येणार, कोणाची तारीख पुढे गेली, कोणी कोणते शहर रचावयास घेतले, या बातम्या आम्ही इतर लोक बाजारभाव वाचतात त्या गांभीर्याने वाचतो.

शहर रचावयास घेतले, हे शब्द आम्ही जाणून वापरले. ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांची समजूत अशी असते की, पडद्यावर कोणीतरी धावतो, कोणीतरी गोळी झाडतो आणि गुण मिळतात. तसे खेळ आहेतच. पण अलीकडच्या मोठ्या खेळांत एक अख्खे नगर उभारलेले असते आणि खेळणारा त्यात हवा तसा हिंडू शकतो. २०१४ साली 'असासिन्स क्रीड युनिटी' हा खेळ आला, त्यात राज्यक्रांतीच्या काळातील पॅरिस आहे. इंदुरातील एका दुमजली घरात बसून आम्ही नोत्र दामच्या शिखरावर चढलो आहोत आणि खालच्या चौकातील गर्दी न्याहाळली आहे. कॅरोलिन म्यूस या कलावतीने त्या एका चर्चसाठी सुमारे दोन वर्षे खर्ची घातली होती.

१५ एप्रिल २०१९ रोजी खरे नोत्र दाम जळाले. खेळ काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने पाच लाख युरो दिले आणि आठवडाभर तो खेळ लोकांना फुकट वाटला. आता या खेळावरून चर्च पुन्हा बांधता येईल, अशी आवई तेव्हा जगभर उठली. ती खरी नव्हती. खेळातल्या चर्चवर जो उंच लाकडी कळस आहे, तो राज्यक्रांतीच्या काळी तेथे नव्हताच. तो व्हिओले-ल-द्युक यांनी एकोणिसाव्या शतकात चढविला. लोकांच्या मनातले चर्च कळसासह असल्यामुळे खेळकर्त्यांनी तो ठेवून दिला. पुनर्बांधणीच्या कामी आली ती अँड्र्यू टॅलन नामक कलेतिहासकाराने आगीच्या बऱ्याच आधी लेसर किरणांनी घेतलेली मापे. टॅलन आगीच्या आदल्याच वर्षी निवर्तले होते. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. तेव्हा खेळ हा दप्तरी पुरावा नव्हे, हे आम्ही मान्य करतो. परंतु पॅरिसला कधीही न गेलेल्या लक्षावधी मुलांना त्या दिवशी आपलेच काही जळाल्यासारखे वाटले, ते कशामुळे? राजवाडा जळाला तेव्हा इंदुराबाहेर किती जणांना तसे वाटले असेल?

दुसरे उदाहरण जपानचे. त्सुशिमा हे कोरियाच्या सामुद्रधुनीतले एक बेट. २०२० साली 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा खेळ त्या बेटावर बेतला गेला. तो केला अमेरिकेतील मंडळींनी. त्याच वर्षीच्या वादळात तेथील वातात्सुमी मंदिराचे तोरणद्वार पडले. मंदिराने पन्नास लाख येनची वर्गणी मागितली. जमले दोन कोटी सत्तर लाखांच्या वर, आणि देणाऱ्यांत या खेळाचे चाहते मोठ्या संख्येने होते. पुढे बेटाच्या नगरपालिकेने खेळकर्त्यांना आपले पर्यटनदूत नेमले. आम्हांस यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, करणारे परके होते. पण त्यांनी गवताच्या पात्यापर्यंत लक्ष घातले होते.

आमच्याकडे कोणी असे लक्ष घातले आहे काय? २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. तो आला तेव्हा आम्ही केवढे हरखून गेलो होतो! खेळ १७०० सालापासून सुरू होतो. त्या वर्षी राजाराम महाराज निवर्तले, ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली आणि मल्हारराव होळकर अवघे सात वर्षांचे होते. परंतु या खेळात मराठे म्हणजे नकाशावरचा एक रंग आणि रणांगणावरच्या पलटणी. तेथे माळवा जिंकता येतो, पण माळव्यातल्या एखाद्या वाड्यात शिरून दिवाणखान्यात बसता येत नाही. २०१७ च्या 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी'त सह्याद्री आहे आणि होयसळांची भव्य शिल्पे आहेत. दृश्य अप्रतिम, पण गावात राहणारी, पाणी भरणारी, भांडणारी माणसे जवळजवळ नाहीत. २०१८ च्या 'हिटमॅन २'मध्ये मुंबईची एक कामगिरी आहे. तेथे गर्दी मात्र भरपूर आहे, एवढे श्रेय देऊ.

आता पुढच्या बातम्यांकडे वळू. सध्या साऱ्या जगाचे लक्ष लागले आहे ते 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या सहाव्या भागाकडे. तो आधी २०२५ मध्ये यावयाचा होता. मग २६ मे २०२६ ही तारीख सांगण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली. चाहते संतापले. आम्हांस यात संतापण्याजोगे काही दिसत नाही. मायामीच्या धर्तीवरचे नगर ते लोक रचीत आहेत, आणि नगर घाईने रचले की काय होते हे इंदूरकरांस कोणी शिकवावयास नको. खेळाचा विषय मात्र गुन्हेगारीचा आहे. लहान मुलांच्या हाती तो देऊ नये, इतके आम्ही चाहते असूनही सांगतो.

आमचे खरे लक्ष पुण्याकडे आहे. तेथील नॉडिंग हेड्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. कसरतीचे खेळ करणारी राजी आपल्या हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधीत असुरांशी झुंजते. मधली कथा कठपुतळ्यांच्या सावल्यांतून आणि भिंतीवरच्या चित्रांतून उलगडते. त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्यास नामांकन मिळाले होते. झुंजीचा भाग आम्हांस थोडा एकसुरी वाटला, पण ते महाल आणि त्या कमानी पाहताना प्रथमच असे वाटले की, हे दगड कोणीतरी हाताने चाचपून पाहिले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'राजी: कलियुग' हा पुढचा भाग जाहीर झाला, तेव्हा आम्ही घरी पेढे आणले, घरच्यांना कारण सांगितले नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. तो भविष्यकाळातला चकमकीचा खेळ आहे, तरुणांना रुचेल. आमचे मन त्यात रमले नाही. मुंबईच्या अंडरडॉग्सने हाती घेतलेला 'मुक्ती' एका संग्रहालयात घडतो. ही कल्पना आम्हांस फार आवडली. ठाणे, महाल, संग्रहालय, या बंद जागांत आपल्याकडे केवढ्या कथा कोंडलेल्या आहेत!

येथे पालकांसाठी दोन शब्द. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी त्याच दिवशी मुलाचे यंत्र माळ्यावर टाकले. तो कायदा पैशाच्या खेळांसाठी आहे. पट आणि जुगार यांतला भेद आपल्याला महाभारतापासून ठाऊक आहे, तो येथेही ठेवावा.

तर राजवाडा. गेल्या दिवाळीत ग्वाल्हेरहून आमचा भाचा आला होता. त्यास घेऊन आम्ही रात्री सराफ्यात गेलो. दिवसा तेथे सोने विकले जाते आणि दुकाने मिटली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबीच्या कढया लागतात. हातात गराडूचा द्रोण घेऊन आम्ही त्यास आमच्या मनातला खेळ सांगितला. सात मजले चढावयाचे. मल्हारी मार्तंडाच्या देवळातली घंटा वाजवावयाची. कान्ह नदीवरच्या छत्र्यांपर्यंत जावयाचे. मग नव्वद किलोमीटरवरच्या महेश्वरास, नर्मदेच्या घाटावर. कारागीर मिळणार नाहीत अशी शंका नको. गिरण्या बंद पडून इतकी वर्षे झाली तरी अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांच्या झांक्या निघतातच की नाही? हलती चित्रे, फिरती चक्रे, दिव्यांचे डोंगर. हलते दृश्य रचण्याची हौस या गावाच्या रक्तात आहे.

भाचा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, सगळं छान आहे. पण तुमच्या खेळात शत्रू कोण?"

आम्ही उत्तर द्यावयास तोंड उघडले आणि गराडू तोंडातच राहिला. राजवाडा १८०१ मध्ये प्रथम जळाला तो सर्जेराव घाटग्यांच्या हातून, आणि घाटगे होते दौलतराव शिंद्यांचे. त्याआधी काही महिने आमच्या यशवंतरावांनी शिंद्यांचे उज्जैन लुटले होते. १९०८ मध्ये पुन्हा आग लागली. तिसऱ्या खेपेस, १९८४ मध्ये, आग लावणारे बाहेरून चाल करून आले नव्हते. ते याच देशाचे नागरिक होते आणि ती आग ज्यांच्यावर रोखलेली होती ते शीख शेजारीही याच गावचे होते. त्सुशिमावर मंगोल चालून आले, म्हणून तेथे शत्रू सोपा होता. आमच्या खेळात ग्वाल्हेर आणि इंदूर या दोन मराठी घरांना समोरासमोर उभे करावे लागेल.

"तुम्ही लोकांनीच आधी उज्जैन लुटलं," भाचा म्हणाला. आम्ही म्हणालो, "आणि तुम्ही लोकांनी हा वाडा जाळला." दोघेही हसलो खरे, पण त्याने आपला द्रोण जरा दूर धरला, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. मग त्यानेच तोडगा सुचविला. खेळणाऱ्याला सरदार न करता वाड्यात राबणारी एक मुलगी करावे. आग लागली की तिने काय काय वाचवायचे, ते तिचे तिने ठरवायचे. दप्तरे, देव, की माणसे? तिन्ही आगींत तीच मुलगी, निराळ्या नावांनी. आम्हांस ही कल्पना आमच्या कल्पनेपेक्षा सरस वाटते, आणि ती ग्वाल्हेरच्या मुलाची आहे हे येथे नमूद करतो. ती मुलगी बोलेल कोणती भाषा, यावर मात्र आमचे एकमत आहे. दरबारात मोडीतली मराठी, बाजारात माळवी, आणि १९८४ मध्ये आपल्या घरांत ऐकू येते ती, अर्ध्या वाक्यात हिंदीकडे वळणारी आमची इंदुरी मराठी, तिच्यातल्या 'भिया'सकट.

असा खेळ कोणी केव्हा करील ते करो. टॅलन यांच्यासारखी मापे कोणी घेऊन ठेवली असतील तर उत्तमच; पण घरोघरच्या जुन्या पेट्यांत लग्नाची, मुंजीची, गेरीची छायाचित्रे असतात आणि त्यांच्या मागच्या बाजूस राजवाडा असतो. इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर, बडोदे, जेथे जेथे आपले वाचक आहेत त्यांनी या सुटीत त्या पेट्या उघडाव्यात. १९८४ पूर्वीचे, वाड्याच्या आतले चित्र सापडले तर मागे पेन्सिलीने साल, चौक आणि कोणत्या जिन्याशी उभे राहून ते घेतले हे लिहावे. शाईने लिहू नये. ती पुढच्या बाजूस उमटते. आणि ज्यांना तो जिना आठवतो अशी माणसे घरात असतील, तर त्यांनाच शेजारी बसवून लिहावे.