वेट वेल लहानच हवी

गुडघ्यांनी जिना नाकारल्यापासून मी पंपिंग स्टेशनमध्ये खाली उतरत नाही. माझ्या हाताखालची तरुण इंजिनिअर उतरते. ब्लोअर चालू, अंगावर हार्नेस आणि गॅस डिटेक्टर, दोर धरून वर दोन माणसं. मी कठड्यापाशी उभा. स्वतः उतरत होतो तोवर वेट वेलचा, म्हणजे मैलापाणी साठणाऱ्या विहिरीचा, आकार माझ्यासाठी हिशेबाचा विषय होता. आता दुसऱ्याची लेक खाली असते, तेव्हा तोच हिशेब मला काही सुचू देत नाही.

पंपाची निवड, स्क्रीन, एनआरव्ही, रायझिंग मेनमधला वॉटर हॅमर यांवर आपल्यात वाद होतात आणि मिटतातही. वेट वेल मोठी करायची खोड मात्र जात नाही. सीपीएचईईओच्या मॅन्युअलप्रमाणे सरासरी प्रवाहाला मैलापाणी विहिरीत जास्तीत जास्त ३० मिनिटं थांबावं. ही कमाल मर्यादा आहे. आपण ती गरज म्हणून वाचतो आणि आकडेमोड तिथूनच सुरू करतो.

३० हजार वस्तीची नगरपरिषद घ्या. माणशी १३५ लिटर पाणी, त्याच्या ८० टक्के सांडपाणी, म्हणजे सरासरी सेकंदाला ३७.५ लिटर. अर्ध्या तासाचे झाले ६७.५ घनमीटर. पण ही वस्ती ३० वर्षांनंतरची. पहिल्या वर्षी पाव भागच जोडण्या झाल्या, तर हीच विहीर भरायला दोन तास लागतात. आता पंपाकडून मोजा. पीक फॅक्टर २.५, दोन पंप चालू, प्रत्येकी ४७ लिटरचा. तासाला १० स्टार्ट धरले, तर पंपाला सर्वांत जड जाते ती त्याच्या क्षमतेच्या निम्मी आवक. तेव्हाही चालू-बंद पातळ्यांमध्ये सव्वाचार घनमीटर पुरतात. दुसऱ्या पंपाची पातळी त्याच्या थोडी वर. कुठे सव्वाचार, कुठे ६७! मधल्या जागेत मैला सडतो.

‘वीज गेली तर?’ हा ठरलेला प्रश्न. सकाळच्या पीकला ते ६७ घनमीटर १२ मिनिटांत भरतात. विजेला उत्तर डीजी सेट आणि दुसरा फीडर हेच आहे.

सडल्याचा पुरावा भिंतच देते. पाण्याच्या रेषेखाली काँक्रीट धड असतं. वरच्या भागाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, की सिमेंट ओल्या रव्यासारखं सुटून येतं आणि खडी उघडी पडते. मैल्यातून सुटलेल्या हायड्रोजन सल्फाइडचं ओल्या भिंतीवरचे जिवाणू सल्फ्युरिक आम्ल करतात. हाच वायू १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर करतो. वास गेला, म्हणजे हवा स्वच्छ झाली, असं उतरणाऱ्याला वाटतं आणि तिथेच घात होतो.

हल्ली मागच्या कामाचं ड्रॉइंग उचलून पुढे ढकलतात. वाढवून धरलेली लोकसंख्या, वर पीक फॅक्टर, वर ‘सेफ साइड’ म्हणून व्यासात आणखी अर्धा मीटर. तपासणाराही मोठ्या आकड्यावर मुकाट सही करतो आणि लहान आकड्याचा खुलासा मागतो. मी असे खुलासे हौसेने लिहिले. माझ्या स्टेशनवर कुणी ‘इथे वास कसा नाही?’ म्हटलं, की मला मूठभर मांस चढतं. दुसऱ्या सल्लागाराच्या विहिरीची वरची कड झडलेली दिसली, की वाईट वाटण्याआधी बरं वाटतं. हे चांगलं नाही, पण खरं आहे.

परवा एका जुन्या, अवाढव्य विहिरीत या मुलीने तळाला तीव्र उताराचं बेंचिंग भरून घेतलं आणि चालू-बंद पातळ्या खाली, एकमेकींजवळ आणल्या. तळाशी गाळ धरणं थांबलं, पंप कमी वेळ पण वारंवार चालू लागले आणि वास ओसरला. मुख्याधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. ते कौतुक मला हवं होतं. या वयातही हवं होतं.

ड्रॉइंग मंजूर करणाऱ्यांना एकच विनंती आहे. तिसाव्या वर्षाचा प्रवाह सगळेच दाखवतात. तुम्ही पहिल्या वर्षाचा मागा आणि त्या प्रवाहाला विहीर किती वेळात भरते ते विचारा. उत्तर अर्ध्या तासाच्या वर गेलं, तर सही करू नका.